पासंग

वडील वजनमापे निरीक्षक होते.
भद्रकालीच्या बाजारात ते शिरले की
दगडाची वजनं टोपल्यांखाली सरकायची
आणि कुणीतरी उगाच चहा सांगायचं.
ते चहा घ्यायचे नाहीत. आधी रिकामी तागडी उचलायचे.
माल नाही, माप नाही, नुसती दोन पारडी हवेत,
आणि काटा कुठे थांबतो ते बघायचे.
मग या पारड्यातले कांदे त्या पारड्यात.
"अदलून बघितल्याशिवाय
कुठल्याच तागडीवर सही करायची नसते."

मी सातपूरला बसते, एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर.
खाली गिअर कापतात. वर आम्ही अर्ज.
आयटीआयची पोरं-पोरी फॉर्म भरतात,
मॉडेल प्रत्येकाला शून्य ते एकमधला आकडा देतं:
वर्षभर टिकेल, की सोडून जाईल.
०.६च्या वर गेला, तर फोन.
बारा वर्षांच्या हजेरीपटावर शिकलंय ते.
अचूकता एक्क्याण्णव टक्के.
बोरस्ते साहेबांनी हा आकडा पेढ्यासारखा वाटला.

मी रिकामी तागडी उचलली.
म्हणजे, जे खरोखर वर्षभर टिकले
तेवढेच घेतले, आणि मॉडेलला विचारलं,
यातल्या किती जणांना तू नाही म्हणाला असतास?
मुलगे, शंभरात नऊ.
मुली, शंभरात एकतीस.
काटा हलेना. तिथेच उभा,
तिरका.

लिंगाचा रकाना काढून टाका, साहेब म्हणाले.
काढला.
तीस.
रकाना गेला, पण मधलं रिकामं वर्ष होतं,
संपर्कासाठी भावाचा मोबाइल नंबर होता.
दारावरची पाटी काढली
म्हणून आत कोण राहतं
ते गल्लीला कळायचं थोडंच थांबतं!

यमुना भोये. पेठ. फिटर, त्र्याहत्तर टक्के.
०.४७.
अर्ज तोच ठेवला.
फक्त मोबाइल तिचा स्वतःचा केला
आणि रिकाम्या वर्षात 'शेतीकाम' लिहिलं,
जे ती करतच होती.
०.६४.

मग मुलींसाठी रेघ खाली आणली, ०.४५ वर.
नऊ आणि दहा. काटा जवळजवळ सरळ.
साहेबांनी चष्मा काढला.
"०.५०चा मुलगा घरी, ०.४६ची मुलगी आत.
त्याच्या बापाला काय सांगू?"
प्रश्न खोटा नव्हता.
मी लिफ्टनं न जाता जिन्यानं उतरले.

रात्री वडिलांना विचारलं.
ते अडकित्ता शोधत होते.
म्हणाले, तागडीत जो फरक असतो, त्याला म्हणतात पासंग.
आणि तो मोडायला हलक्या बाजूला बांधतात
ती चिंधी, तो खडा, ती तार,
तिलाही पासंगच म्हणतात.
मग लबाडाचा कुठला आणि सरळ माणसाचा कुठला?
"लबाडाचा पारड्याखाली असतो.
दुसरा वर बांधलेला, गिऱ्हाइकाला दिसेल असा."
अडकित्ता त्यांच्या खिशातच निघाला.

पण ज्यांना कधी बोलावलंच नाही
त्यांचा हजेरीपट नाही.
त्या टिकल्या असत्या की नाही,
हे कुठल्याच ओळीत लिहिलेलं नाही.
त्या चुकीच्या पारड्यात नाहीत,
त्या तागडीतच नाहीत.

आणि ज्या सोडून गेल्या, त्यांचे राजीनामे मी काढले.
कारण: घरगुती. कारण: घरगुती. कारण: घरगुती.
दुसरी पाळी सुटते साडेअकराला.
निमाणीची शेवटची बस निघते दहा पन्नासला.

अहवालात तीन मुद्दे लिहिले.
बदललेली रेघ, का बदलली ते उघड मांडून.
रेघेखालच्या काही जणांना दर महिन्याला
चिठ्ठ्या टाकून घ्यायचं, म्हणजे कळेल तरी.
आणि बस.
पहिल्या दोहोंवर सही आली.
बसपुढे पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह.

आज सकाळी यमुनाला फोन लावला.
भावानं उचलला.
"ती रानात गेलीय," म्हणाला.
"काय काम होतं?"